तीन वर्षांची सुट्टी

"तू प्रयोगशाळेत जा गं, माझं देव बघेल," केमो घेताना विमलाबाई लेकीला दर वेळी बजावायच्या. राजनंदिनीनं ऐकलं नाही. कॅन्सरवरचं संशोधन बाजूला ठेवून तीन वर्षं, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत, ती आईच्या उशाशी बसली.

आज सेनापती बापट रस्त्यावरच्या एका हॉटेलात कॅन्सर संशोधकांसाठी निधीच्या संधींवर चर्चासत्र होतं. "निधी पडून आहे हो, लायक अर्जच येत नाहीत," समितीचे अध्यक्ष हळहळले.

राजनंदिनी उठली. "सर, माझा अर्ज वयाच्या अटीवर परत आला. मधली तीन वर्षं आईच्या कॅन्सरमध्ये गेली. तेवढी सूट मिळेल?"

"सूट बाळंतपणाला आहे मॅडम, आईला नाही." सभागृह हसलं. "आणि यापुढे असली सुट्टी घेऊ नका, काय?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कॅन्सर म्हणजे काय ते मी त्या सुट्टीतच शिकले, सर," एवढंच ती बोलली.



जेवणाच्या रांगेला वळसा घालून तिनं हडपसरची बस पकडली. दोन वाजता आईच्या वॉर्डात ओळख झालेल्या राधाताईंची केमो होती. त्यांना घरचं कुणी नव्हतं, आणि सुई टोचताना हात धरायला येते, असं तिनं कबूल केलं होतं.