पाच वर्षांचा थकवा

भैरवीने आर्णीजवळच्या बंजारा तांड्यातल्या बादलशी लग्न केलं, त्या दिवसापासून नंदकिशोररावांनी घरात लेकीचं नाव घ्यायला बंदी केली. त्यांच्या पत्नी सुहासिनीताईंनी पाच वर्षं ती पाळली. आधी त्यांची झोप गेली, मग केस गळू लागले, आणि आता त्या शिकवत त्या शाळेचा एक जिना चढला तरी छाती धडधडायची. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या पाहून विचारलं, "रक्तात काही दोष नाही. मनात काय दाबून ठेवलंय, ताई?" ताई तिथेच हमसून हमसून रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवीत दोन साड्या भरल्या. नवरा दारात आडवा आला. "कुठे चालली?" "भैरवीकडे. तुमच्या रागापायी माझं शरीर खचलं. आता मी थांबणार नाही." ताई बाजूने वाट काढून निघाल्या. तांड्यावर भैरवी धावत येऊन गळ्यात पडली. तिची सासू रामीबाई पाणी घेऊन आली. "काहून येवढ्या वाळल्या वं, विहीणबाई?" तिने शेजारी बसून गरम भाकरी खाऊ घातली. जेवून ताई अंगणातल्या बाजेवर आडव्या झाल्या आणि भर दुपारी चार तास गाढ झोपल्या. जाग आली तेव्हा नवऱ्याचा फोन वाजत होता. "घरी कधी येते?" "रविवारी. पण एकटी नाही. लेक-जावई सोबत येतील. त्यांना घरात घेणार की नाही, ते आत्ताच सांगा." ताईंनी फोन ठेवला नाही. उत्तर मिळेपर्यंत त्या ठेवणारही नव्हत्या.