कोंडाबाईचा अंगठा

मशीननं तिसऱ्यांदा कोंडाबाईचा अंगठा नाकारला.

"रेघाच राहिल्या नाहीत, ठसा कशाचा उमटणार?" उमरग्याच्या रजिस्ट्री ऑफिसातला कारकून म्हणाला. डोळ्यांवरूनही ओळख पटवता आली असती, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.

"जन्मभर खुरपं ओढलंस, आता माज्या नरड्यावर ओढ!" उत्तरेश्वर आईवर खेकसला.

हायवेलगतची दोन एकर तिला माहेरकडून मिळालेली. ती त्याला आपल्या नावावर करून घ्यायची होती. गावातला हणमंतप्पा ती विकत घेऊन तिथं ढाबा टाकायला टपून बसला होता. कोंडाबाईनं अंगठा पदराला पुसला.

तिथून त्यानं तिला थेट कातडीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी भेगाळलेला अंगठा उलटसुलट करून पाहिला अन् निळ्या औषधाची बाटली पुढं केली.

"कॉपर पेप्टाइड. तांब्याचा अंश असतो यात. बायका सुरकुत्यांसाठी लावतात, कातडी भरून यायलाही मदत होते. खात्री देत नाही मी. खरं औषध म्हणजे हाताला आराम. पाणी नको, शेण नको, खुरपं तर नकोच."

दोन महिने कोंडाबाईनं इकडची काडी तिकडं केली नाही. सून करिश्मा दातओठ खात रोज दोनदा निळे थेंब चोळायची. "काय नशीब काढलंय आत्याबाई तुम्ही!" म्हणत अंगठा पिरगाळायची. उत्तरेश्वर रोज सकाळी तो अंगठा उन्हात धरायचा, हरभऱ्याचा घाटा भरला का बघावं तसा. बाकीच्या म्हातारीकडं त्याचं लक्षही जायचं नाही.

त्याची धाकटी बहीण महानंदा नवऱ्यानं टाकलेली. मुरूमला खोली घेऊन शिवणकाम करायची. आईला भेटायला आली की उत्तरेश्वर तिला दारातूनच हाकलायचा. मधे दोन दिवस नवरा-बायको आळंदला लग्नाला गेले, तेव्हा त्यानं बाटली आईच्या उशाशी ठेवली अन् दम भरला, "एक वेळ जरी चुकवलीस, तर बघ!"

एकही वेळ चुकली नाही. कातडी मऊ पडली. बारीक रेघा वर आल्या.

रजिस्ट्री ऑफिसात मशीनवर हिरवा दिवा लागला. उत्तरेश्वरनं मांडीवर थाप मारली. कारकून मात्र कॉम्प्युटरकडं बघत थांबला.

"आजी, ही जमीन आता तुमच्या नावावर नाही. तुम्हीच बक्षीसपत्र केलंय. महानंदाच्या नावानं, तुमच्या मुलीच्या. पंधरा दिवस झाले."

उत्तरेश्वरच्या तोंडचं पाणी पळालं. "आई! कवा केलंस हे?"

"तुमी आळंदला गेलता तवा." कोंडाबाईनं पदर सावरला. "दोन वर्सं म्या अन् महानंदा हितं चकरा मारत होतो. अंगठाच उठत न्हवता. तू उठवलास."