कच्चे टाके

धाकट्या मावशीला जुळं झालं त्या वर्षीची गोष्ट. मावशी स्वतःच बाळंतिणीच्या खाटेवर, त्यामुळे आजारी बहिणीजवळ येऊन राहायला तिला जमलं नाही.

मुलगी लांबच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. गावातल्या कॉलेजात मधूनच प्रवेश मिळाला, तर घरी राहून आईचं करता येणार होतं. जागा एकच होती आणि मुलाखत शुक्रवारी. घरचं कारण सांग, त्यावर सहसा नाही म्हणत नाहीत, असं तिथल्या कारकुनाने तिला सांगून ठेवलं होतं.

आई शिवणकाम करायची. तिची खाट मशीनशेजारीच लावली होती. मुलाखतीसाठी तिने मुलीला कुर्ता शिवायला घेतला, पण मध्येच हात चालेनासे झाले आणि तो कच्च्या टाक्यांवरच राहिला. तशीही कच्चे टाके घालून अंगावर चढवून बघितल्याशिवाय ती कुठलंच कापड मशीनवर घेत नसे. नुसतं उभं राहून कळत नाही, हात वर करा, खाली बसा, म्हणजे कुठे ओढतंय ते दिसेल, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची.

सोमवारी दुपारी तिने मुलीला तो कुर्ता घालायला लावला आणि समोर स्टुलावर बसवलं. मुलाखतीची तालीम. वडील झाले मोठे साहेब. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि नाव विचारलं. आई म्हणाली, नाव त्यांच्यापुढे कागदावर असतं, साहेब झालात तर जरा साहेबासारखं विचारा. तिघंही हसली. आईला हसताना खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही.

मग वडिलांनी विचारलं, जुनं कॉलेज का सोडताय? मुलीने पाठ केलेलं सांगितलं. आई आजारी आहे, वडिलांची पाळीची नोकरी, घरी आईजवळ कुणीतरी हवं. कुठेही अडखळली नाही. वडिलांनी तिथल्या तिथे पास करून टाकलं.

आईने उशीवरून बोट वर केलं.

"आईसाठी येताय म्हणता. आई नसेल, तर इथे कशाला येताय?"

वडिलांनी चष्मा काढून हातात घेतला. "असलं कुणी विचारत नसतं गं."

"मी विचारतेय ना. बोल बाळा."

मुलीने तोंड फिरवलं. डोळे पुसायला म्हणून हात वर केला, तर काखेतला टाका तटकन तुटला.

"बघ, इथे ओढतंय," आई म्हणाली. "शुक्रवारपर्यंत नीट करून ठेव."

वडील सुईत दोरा ओवायला बसले. नेढं त्यांना काही केल्या दिसेना.

आई बुधवारी सकाळी गेली.