डावा हात जड

माझी शाळा चौथीत सुटली, पण शब्दकोडं मी पेनानंच सोडवते, पेन्सिल घाबरटांसाठी. एखादा शब्द अडला की मोबाइलवर शब्दकोड्याच्या ग्रुपला विचारते. तिथं कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही, पण उत्तर मिनिटात येतं.

परवा भरदुपारी घरात एकटीच होते. बोटं चालेनात, म्हणून ग्रुपवर एवढंच लिहिलं, "छातीत कळ, डावा हात जड."

एकानं लगेच विचारलं, "आडवा शब्द की उभा?" दुसरा म्हणाला, "किती अक्षरी?"

तिथल्या एका नर्सबाईंना मात्र शंका आली. "आजी, हे कोडं नाही ना?" असं विचारून त्यांनी पत्ता घेतला आणि ॲम्ब्युलन्स धाडली.

संध्याकाळी थोरला दवाखान्यात आला तो फणफणतच. "आई, परक्यांपुढं कशाला रडायचं? चारचौघांत आमची शोभा केलीस. आधी घरच्यांना कळवायचं ना!"

मी घरचा ग्रुप उघडून मोबाइल त्याच्या हातात दिला. तेच वाक्य तिथं अर्धा तास आधी टाकलेलं होतं. चौघांनी वाचलं होतं. खाली उत्तर एकच होतं, थोरल्याचा वर केलेला अंगठा.