खाडीतली पसंती

पाहुण्यांना होडीत नीट बसवण्याच्या गडबडीत काशिनाथने मागचा दोर पाण्यातच लोंबकळत ठेवला आणि भर खाडीत तो पंख्यात गुंडाळला गेला. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. ओहोटी होडीला खडकांकडे ओढू लागली.

काशिनाथची मुलगी वेणू हिला बघून मंडळी परत निघाली होती: मुलगा सदानंद आणि त्याची आई. त्यांना पलीकडे पोचवायला वेणूही सोबत आली होती. काशिनाथच्या छातीचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्याला पाण्यात उतरता येईना.

वेणूने नव्या साडीचा काष्टा मारला, कमरेला दुसरा दोर बांधला, त्याचं टोक सदानंदच्या हातात दिलं आणि सुरी घेऊन उडी मारली. तीनदा ती श्वास घ्यायला वर आली. प्रवाह तिला खेचत होता, सदानंद पाय रोवून उभा होता. चौथ्यांदा ती वर आली ती कापलेल्या दोराचा गुंता घेऊनच. इंजिन सुरू झालं तेव्हा खडक अगदी हाकेवर होते.

सदानंदच्या आईने आपली शाल तिच्या अंगावर घातली. "आम्हाला मुलगी पसंत आहे हो!"

"मलाही एक विचारायचंय," वेणू वेणी पिळत म्हणाली. "यांना पोहता येतं का?"

सदानंदने मान खाली घातली. "नाही."

वेणूने त्याच्या सोलून निघालेल्या तळहातांकडे पाहिलं आणि तिला हसू आलं.

"पोहायला मी शिकवीन. पण आता तो दोर सोडा. मी केव्हाची वर आलेय."