पिवळी पाटी

देखभालीला ठेवलेल्या बाईंनी झगा चढवला, टोपी भुवयांपर्यंत ओढली, मास्क नाकावर दाबून बसवला, हातमोजे घातले आणि मगच काचेचं दार ढकललं. दारावर पिवळी पाटी होती: झगा आणि मास्कशिवाय प्रवेश नाही.

"आलात?" मास्तर म्हणाले. "आज तरी जंतू हरले का?"

"रिपोर्ट यायचाय," बाई मोठ्याने म्हणाल्या.

पायाच्या ऑपरेशननंतर जखमेत शिरलेले जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नव्हते. शेवटी दिलेल्या जहाल औषधाने जंतूंआधी मास्तरांचे कानच धरले. आता सगळे आवाज त्यांना सारखेच, विहिरीतून आल्यासारखे ऐकू येत.

बाईंनी त्यांच्या डाव्या गुडघ्याखाली उशी सरकवली. सफरचंदाची साल काढून बारीक फोडी केल्या.

"मला साल चालत नाही, हे कुणी सांगितलं?"

"या वयात कुणालाच चालत नाही."

मास्तर फोड चघळत राहिले. भेटीची वेळ होती. समोरच्या खोलीबाहेर नातेवाईक काचेला नाक लावून उभे होते. या काचेपलीकडे कुणी नव्हतं.

सिस्टर आत आल्या. "मास्तर, तुमच्याकडे कुणीच कसं फिरकत नाही? घरचं कुणी नाही का?"

"मुलगी होती. ठमी. माझ्या मनाविरुद्ध घर सोडून गेली. जन्मात तुझं तोंड पाहणार नाही, असं चारचौघांत बजावलं होतं मी."

"अहो, रागात माणूस काहीही बोलतो."

"मी नाही बोलत. दिलेला शब्द मी मोडत नाही. माझ्यापेक्षा हे जंतू परवडले."

बाई खाली वाकून सालं गोळा करत होत्या.

"मग ऐका, जंतू हरले!" सिस्टर हसल्या. "रिपोर्ट स्वच्छ आलाय. उद्यापासून झगा नको नि मास्कही नको."

जाताना त्यांनी दारावरची पिवळी पाटी काढून नेली.

बाईंनी ताटली उचलली. "उद्यापासून दुसरी कुणीतरी येईल."

"का?"

"माझं इथलं काम संपलं."

मास्तरांनी मान भिंतीकडे वळवली. मग न पाहताच, चाचपडत, त्यांनी बाईंचा हातमोज्यातला हात धरला.

"नियम गेला तरी तू मास्क लावूनच येत जा, ठमे," ते म्हणाले. "माझा शब्द फक्त तोंडापुरता होता."