चुन्याचा पंजा

"काका, बाजूला व्हा," करवतवाला म्हणाला.

भिवाजीची बायको दर दिवाळीला राखायच्या झाडांवर चुन्याचा पंजा उठवायची. शेजारच्या डोंगरावर तोड सुरू होती, आणि तिथे चुना म्हणजे पाडायचं झाड. माणसं हद्द ओलांडून इकडे आली होती.

"अरे, ही आमची राखलेली झाडं!"

"ते ठेकेदाराला सांगा. चुना दिसला की आम्ही तोडतो."

भिवाजीने टॉवेल ओढ्यात भिजवला आणि एकेक पंजा पुसत सुटला. शेवटच्या ऐनाच्या झाडापाशी हात थांबला. बायको यंदाच्या शिमग्यात वारली होती. आता नवा पंजा उठणार नव्हता.

करवत जवळ आली, तसा तो खोडाला पाठ लावून बसला.

"याच्यावर खूण आहे, काका?"

"नाही," म्हणत भिवाजीने पाठ आणखी घट्ट दाबली.